हवा न देणारा पंखा

दुपारी तीनच्या सुमारास त्या हॉलमध्ये चाळीस शहाणीसुरती माणसं चटयांवर उताणी पडली होती आणि डोळे मिटून खुदुखुदू हसत होती. बँकेचे मॅनेजर लोळत लोळत शेजारच्या चटईवर पोचले होते. ती चटई शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंची होती, पण त्यांना त्याचं भान नव्हतं, कारण त्या वेळी त्या एका जांभळ्या जिन्यावरून वर वर चालल्या होत्या. "फिरतंय, सगळं फिरतंय," कोणीतरी आनंदानं सांगत होतं. "माझं निळं झालं," दुसऱ्यानं कळवलं. कोपऱ्यात एक धिप्पाड शिंपी हमसून रडत होता, तोही सुखानं.

समोर पांढरा पडदा, पडद्यामागून येणारा झगझगीत, लुकलुकता उजेड, आणि पडद्यापुढे माइक घेऊन तेजगुरू.

"शंभर श्वास. जोरात घ्या, भराभर घ्या. हातापायांना मुंग्या येताहेत ना? तुमचा आजार दार शोधतोय. पडद्यामागे तेजकुंभ आहे. त्याला कोणी पेटवत नाही, तो आपणहून स्फुरतो. तुमची एकेक पेशी आता विश्वाच्या तालात कंप पावते आहे. विज्ञान जिथं थकून खाली बसतं, तिथं आमची पहिली पायरी लागते."

बोलणं मोठं गोड होतं. फक्त त्यातलं एक वाक्य दुसऱ्याला ओळखत नव्हतं.

दाराशी पंखेवाली उभी होती. जळलेल्या पंख्यांच्या मोटारी उघडून त्यांना तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं तिचं दुकान होतं. गिऱ्हाइकांनी दिलेलं हे नाव आता घरातही चालत असे. आज भर दुपारी दुकान बंद करून ती आली होती, आणि तिच्या हातातल्या थंड पिशवीत मावशीचं इन्शुलिन होतं.

आई गेल्यावर ह्याच मावशीनं तिला वाढवलं होतं. ती मावशी आता तिसऱ्या चटईवर पडून गालातल्या गालात हसत होती, आणि चार दिवस तिनं सुई टोचून घेतली नव्हती. "डॉक्टरांना सांग, मी आता उजेडावर आहे," असं तिनं घरात जाहीर केलं होतं. त्यावर डॉक्टरीणबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "आणखी दोन दिवस असं चाललं, तर तिला माझ्याकडे चालत आणता येणार नाही. उचलून आणावी लागेल."

तसं मावशीचं तरी काय चुकलं? पहिल्याच दिवशी तिला काका, म्हणजे तिचे यजमान, दिसले होते. सहा वर्षांपूर्वी गेलेले काका, चष्मा कपाळावर ढकलून तोच चष्मा घरभर शोधणारे. गेलेलं माणूस इतकं हसतखेळत भेटल्यावर सुईची आठवण कोणाला राहते? वर गुरूंनी ठरवूनच टाकलं होतं, "तेज आत आलं, साखर बाहेर गेली. आता सुई टोचाल तर त्या भोकातून तेज गळेल."

"मावशी, घरी चल," पंखेवाली तिच्या कानाशी म्हणाली.

"तू आधी आडवी हो बघू. एकदा बघ आणि मग काय ते बोल."

पंखेवाली हट्टी होती, पण न बघता बोलणाऱ्यांतली नव्हती. मोटार उघडल्याशिवाय ती कधी दोष सांगत नसे. ती आडवी झाली, डोळे मिटले आणि भराभर श्वास घेऊ लागली.

आणि तिलाही दिसलं. मिटल्या पापण्यांवर हिरव्या-लाल षटकोनांचं जाळं उमललं, मधाच्या पोळ्यासारखं. ते गरगरलं, फुटलं, त्यातून सोनेरी जाळी निघाली. ओठ बधिर झाले, हात कापसाचे झाले आणि तिला असं हसू फुटलं की लाजायचंही राहून गेलं. फार सुंदर होतं ते, खोटं कशाला सांगा. साठाव्या श्वासाला ती गुरूंचे पाय धरायच्या बेतात होती.

सत्तराव्या श्वासाला तिला ऐकू आलं. खर्र, टक्. खर्र, टक्.

हॉलमधल्या दुसऱ्या कोणी त्या आवाजाला भीक घातली नसती. पण तिचे कान त्यातच वाढले होते. हा झिजलेल्या बुशाचा आवाज. मोटारीचा दांडा ज्या कड्यात फिरतो तो बुश. आणि हा बुश तिच्या ओळखीचा होता.

तीन आठवड्यांपूर्वी टोपी कपाळापर्यंत ओढून एक गृहस्थ जळलेला टेबलफॅन घेऊन आले होते. मोटार नव्यानं गुंडाळा, म्हणाले, आणि अगदी हळू फिरला पाहिजे, पण एका वेगानं.

"एवढा हळू फिरला तर हवा लागणार नाही," तिनं सांगितलं होतं.

"हवा नकोच आहे."

पंखा हवा आणि हवा नको, असं म्हणणारं तिच्या जन्मातलं ते पहिलं गिऱ्हाईक. बुश झिजलाय, बदलून ठेवते, उद्या या, असंही ती म्हणाली होती. पण त्यांना घाई होती. "आवाज चालेल," ते म्हणाले होते. चालणारच, माइकवरच्या बोलण्यात तो बुडणार होता ना.

पंखेवाली उठली आणि सरळ पडद्याकडे निघाली. टोपी काढून दाढी वाढवली तरी तेजगुरू म्हणजे तेच गृहस्थ होते.

"ताई, मागे जाऊ नका," गुरूंनी वाट अडवली. "ते तेज माणसाला जाळून टाकतं."

"मोटार जळली तर मला बघायलाच हवी. सहा महिन्यांची गॅरंटी दिलीय मी."

ती पडद्याआड शिरली आणि तिथून ओरडली, "डोळे कोणी उघडू नका हं. काय दिसतंय ते मात्र मोठ्यानं सांगत राहा."

तिनं पंख्याचं बटण बंद केलं.

"अरे, माझा निळा गेला," मॅनेजर कळवळले. "जिना मोडला की काय," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

तिनं बटण चालू केलं.

"आला, आला."

तिनं रेग्युलेटर जरासा पिळला.

"माझे चौकोन बारीक झाले," शिंपी रडं थांबवून म्हणाला. "माझं तर जाळंच बदललं." तिनं उलटा पिळला, तशी चाळीस माणसं एका सुरात "आऽऽ" म्हणाली. पंखेवालीला मोह आवरेना. तिनं दोनदा हळू केला, एकदा जोरात केला, आणि विश्वाचा ताल दर वेळी निमूटपणे तिच्या बोटांमागून गेला.

मग तिनं पडदा ओढून काढला. "आता उघडा डोळे."

मागे एक मोठा दिवा होता आणि दिव्यापुढे काळा रंग दिलेली तीन पाती घेऊन फिरणारा टेबलफॅन.

"पातं दिव्यापुढून गेलं की अंधार, सरकलं की उजेड," ती म्हणाली. "सेकंदाला दहा-एक वेळा. मिटल्या डोळ्यांवर उजेड असा लुकलुकला की डोकं आपणच नक्षी काढतं. मलाही दिसली. ज्यांना फिट येते त्यांना ह्यानं फिट येऊ शकते. गुरूंनी विचारलं होतं कोणाला?"

कोणालाच विचारलं नव्हतं.

"आणि मुंग्या?" शिंप्यानं विचारलं.

मुख्याध्यापिका साडी सारखी करत उठून बसल्या. "भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हे मी वर्षानुवर्षं नववीला शिकवतेय." आणि मग त्यांना स्वतःचंच हसू आलं.

"विज्ञानाला सगळं कळत नाही," गुरू गरजले.

"कबूल," पंखेवाली म्हणाली. "मलाही सगळं कळत नाही. हा पंखा तेवढा कळतो."

मावशी मात्र हसत नव्हती. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "म्हणजे काका पण पंख्यातलेच का गं?"

पंखेवाली मावशीजवळ बसली. "काका तुझ्या मनातले आहेत. पंख्यात मी तार गुंडाळली, काका नाही गुंडाळले. ते तुझेच आहेत आणि राहतील. पण साखर त्यांच्यानं उतरत नाही."

तिनं पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं आणि मावशीच्या बोटाचा थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला चारशे बारा.

"यंत्रावर विश्वास ठेवू नका, माते," गुरू म्हणाले.

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं, मग काळ्या पात्यांकडे बघितलं. "इतके दिवस कशावर ठेवला होता मग?" ती म्हणाली आणि पंखेवालीपुढे हात केला. डॉक्टरीणबाईंनी फोनवर मात्रा सांगितली, चाळीस जणांसमोर सुई टोचली गेली आणि तेज कुठूनही गळलं नाही. संध्याकाळपर्यंत मावशी दवाखान्यात होती आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आली. तेजगुरू त्याआधीच गाव सोडून गेले होते, तेजकुंभ मागे ठेवून.

तो पंखा आता दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. पंखेवालीनं त्याचा बुश बदललाय. ज्याला रंग बघायचे असतील त्यानं यावं, आधी फिटचं सांगावं, पडदा उघडाच असतो. आनंद लुटायला कोणाची ना नाही. पण जो आपलं यंत्र झाकून ठेवतो आणि तुमचं औषध बंद करायला सांगतो, त्याचा पडदा आधी ओढून बघावा, एवढंच तिचं म्हणणं.

मावशी रोज येते. डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांची परवानगी दिलीय. ती खुर्चीत बसते, डोळे मिटते आणि पंखेवालीचा हात बटणाकडे गेला की तिला थांबवते.

"अगं, थांब. आधी सुई, मग काका."