गाडीतली मानाची जागा

माझ्या सासऱ्यांचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे कुठलीच सून घेत नाही. सगळ्या सुना मिळून एक टोपणनाव काढतात आणि जन्मभर तेच चालवतात. माझे सासरे शिमकेंतच्या शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून ते आमचे गुरुजी. एरवी यात काही अडत नाही, पण विमानाचं तिकीट काढताना अडतं. फोनवरच्या मुलीने विचारलं, "प्रवाशाचं नाव?" मी म्हटलं, "गुरुजी." ती म्हणाली, "पासपोर्टवर असंच आहे का?" शेवटी येरझात, म्हणजे माझा नवरा, अंगाला साबण तसाच ठेवून बाथरूममधून बाहेर आला, बापाचं नाव सांगितलं आणि परत आत गेला.

ही सगळी यातायात चालली होती ती सासूबाईंच्या समुद्रासाठी. बिबिझान अपा मूळच्या अरालच्या. त्यांच्या लहानपणी समुद्र घरामागे होता. मग तो वर्षावर्षाला मागे सरत निघून गेला, होड्या वाळूत राहिल्या, आणि अपा लग्न होऊन शिमकेंतला आल्या. त्यानंतर त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. अक्ताऊला न्या, अक्ताऊला न्या म्हणून त्या गुरुजींच्या किती मागे लागल्या, पण गुरुजींचं उत्तर ठरलेलं: "कॅस्पियन हा समुद्र नाही, सरोवर आहे. दाखवीन तर खरा समुद्र दाखवीन." अराल हेसुद्धा शास्त्राप्रमाणे सरोवरच, असं ते एकदा बोलून गेले. तेव्हा त्यांना आठवडाभर स्वतःचा चहा स्वतः करून प्यावा लागला होता.

म्हणून आम्ही नवराबायकोने ठरवलं, यंदा अपांना इटलीत ट्रिएस्टला न्यायचं. तिथल्या समुद्राला गुरुजीही नावं ठेवू शकणार नव्हते. पण सासूसासऱ्यांना युरोप दाखवून माझ्या आईवडिलांना तालदीकोर्गानला ठेवलं असतं, तर आईने बारा गावच्या नातेवाइकांत मला तोंड दाखवणं मुश्कील केलं असतं. म्हणून तेही आले, आणि आले ते आपापल्या फर्माइशी घेऊन. आईला प्रागहून काचेचे पेले हवे होते. पापा जन्मभर ट्रॅक्टरच्या डेपोचे प्रमुख, त्यांना जर्मनीत कापणीयंत्रांचा कारखाना बघायचा होता. गुरुजींना डॅन्यूबच्या उगमापाशी उभं राहायचं होतं, कारण तो त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवला आणि स्वतः कधी पाहिला नाही.

झालं. अल्माटीहून इस्तंबूल, तिथून प्राग, मग दुसऱ्या विमानाने म्युनिक, तिथे भाड्याची गाडी. दक्षिणेला समुद्राकडे जायचं सोडून आधी पश्चिमेला उलटं उगमाकडे, मग कारखाना, मग ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, ट्रिएस्ट, आणि व्हेनिसला गाडी सोडून परतीचं विमान. ज्याची त्याची हौस पुरवताना दिवस कुठून तरी कापावे लागत होते, आणि दर वेळी मी ते समुद्रातून कापले. सुरुवातीला तिथे चांगला आठवडा होता. शेवटी एक रात्र उरली. दर वेळी मी अपांना विचारायची, "अपा, चालेल ना?" आणि त्या म्हणायच्या, "चालेल गं. बघितला की झालं." मला इतकं वाईट वाटायचं की मी लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागायची.

शुक्रवारी व्हिसाची मुलाखत होती. तिथे विमानाची तिकिटं आणि गाडीचं बुकिंग दाखवायचं होतं. बुधवारी दोन्ही घरची मंडळी आमच्याकडे जेवायला जमली आणि गाडीचा प्रश्न निघाला.

प्रश्न गाडीचा नव्हता, पुढच्या सीटचा होता. आमच्या लग्नानंतरच्या मेजवानीत मेंढ्याचं शिजवलेलं डोकं कुणीतरी गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं. तो मान पापांचा, कारण पापा वर्षाने मोठे. तेव्हापासून हे दोघे व्याही एकमेकांशी इतकं गोड बोलतात की ऐकणाऱ्याच्या दातांत कळ यावी. मी दातांची डॉक्टर आहे, मला कळतं.

मी जेवणाच्या खुर्च्या गाडीसारख्या मांडल्या. पुढे दोन, मधे दोन, मागे दोन. "बसून दाखवा बरं सगळ्यांनी," म्हटलं. "मग मी तशी गाडी बघते."

अपा आपणहून सर्वांत मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पुढच्या खुर्चीशी दोघे व्याही समोरासमोर उभे राहिले.

"बसा ना व्याही, तुम्ही मोठे," गुरुजी म्हणाले.

"छे छे, तुम्ही मुलाकडचे. तुम्ही बसा," पापा म्हणाले. दोघांचाही एकेक हात खुर्चीच्या पाठीवर होता, आणि कुणी काढत नव्हतं.

"मग तुम्ही आग्रहच करताय तर..." गुरुजी वाकले.

"आग्रह कसला, रीत म्हणून म्हटलं," पापा म्हणाले आणि खुर्ची इंचभर ओढली.

मी येरझातकडे बघितलं. तो भिंतीवरचं घड्याळ न्याहाळत होता. "सांग आता," मी म्हटलं.

"काय सांग?" गुरुजींनी विचारलं.

"गाडी मी चालवणार नाहीये," येरझात माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "शिनार चालवेल."

"का? तुला काय धाड भरलीये?"

"लायसन्स जमा आहे माझं. समोरच्या लेनमधून पुढे काढली गाडी. पोलीस उभाच होता."

"गाढवा! आणि बापाला आज सांगतोस? विहिणींसमोर?"

"विहिणींसमोर तुम्ही मारणार नाही, म्हणून."

आई पदराआड हसावं तशी चहाच्या पेल्याआड हसली. गुरुजी मात्र भानावर आले होते आणि नकाशा वाचावा तसे खुर्च्यांकडे बघत होते. सुनेने सासऱ्यांकडे पाठ करायची नाही, ही आमच्या घरची रीत. मी त्यांच्या खोलीतून बाहेर पडतानासुद्धा उलट्या पावली निघते. दोनदा तर दाराच्या मुठीवर कोपर आपटलंय.

"म्हणजे मी मागे बसलो, तर ही चार देश माझ्याकडे पाठ करून बसणार," गुरुजी म्हणाले.

"हो ना," पापा खुशीत म्हणाले. "आणि तुम्ही पुढे सुनेच्या खांद्याला खांदा लावून बसलात, तर तेही बरं दिसायचं नाही. माझी काय, लेक आहे. मी बसतो पुढे."

"म्हणजे सुनेची पाठ आणि वर तुमची पाठ!"

"गुरुजी, मी आरशातून तुमच्याकडे बघत राहीन," मी म्हटलं.

"आणि रस्त्याकडे कोण बघेल? हा बिनलायसन्सचा?" गुरुजींनी टोपी डोक्यावर दाबली. "तुम्ही सगळे जा. मी घरी राहतो. मला नाही यायचं."

आणि गुरुजी आले नाहीत तर अपा येणार नाहीत, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी अपांकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात आईने पेला खाली ठेवला. "व्याही, एक विचारू? घरात मानाची जागा कुठली?"

"हा काय प्रश्न झाला? दारापासून सगळ्यांत लांबची."

"आणि दाराशी कोण बसतं?"

"लहान माणसं. चहा ओतणारी."

"मग गाडीत दारापासून सगळ्यांत लांब कुठली जागा?" आई म्हणाली. "पुढे काय, नुसतं दारच दार. थंडी, धूळ आणि ड्रायव्हरला पाण्याची बाटली उघडून द्यायची. ते काय मोठ्या माणसांचं काम आहे?"

दोघा व्याह्यांनी पुढची खुर्ची सोडली. मग एकमेकांपेक्षा जरा जास्तच घाईने मागच्या रांगेकडे निघाले. "उठ गं," गुरुजी अपांना म्हणाले. "इथे आम्ही बसणार आहोत." अपा उठल्या. मधल्या रांगेमुळे सुनेची पाठही दिसत नाही, असं गुरुजींनी बसून, मान वेळावून खात्री करून घेतली. आई मधे बसली. मी ड्रायव्हरच्या खुर्चीवर बसले. पुढची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर येरझात टेकणार तोच अपांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"तू आईजवळ बस शिनारच्या," त्या म्हणाल्या. "इथे मी बसणार. समुद्र आधी मला दिसला पाहिजे."

त्या बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली. अपांनी काही मागितलेलं मी लग्नापासून पहिल्यांदा ऐकत होते. मला रडूच यायला लागलं, म्हणून मी उगाच स्टीअरिंग धरल्यासारखे हात हवेत धरून बसले.

मागून गुरुजींचा आवाज आला. वर्गात असतो तसा नव्हता तो. "बिबिझान, अक्ताऊला नेलं असतं, तर चाललं असतं का गं तुला?"

"तळं तर तळं," अपा मागे न बघता म्हणाल्या. "पाणी तर होतं."

गुरुजींनी घसा खाकरला. "सुनबाई, तो डॅन्यूबचा उगम काढून टाक यादीतून. मला तोंडपाठ आहे तो. ते दिवस समुद्राला दे."

"मग माझाही कारखाना काढ," पापा ताबडतोब म्हणाले. "व्याही उगम सोडतात, तर मी काय कारखान्याला चिकटून बसू?"

"मी आधी सोडला, व्याही."

"आधी सोडला, पण लहान सोडलात. कारखाना केवढा मोठा असतो, माहितीये?"

"उगम लहान? अहो, पुढे त्याची नदी होते!"

"मागचे जरा गप्प बसा," अपा म्हणाल्या. "मला बघू द्या."

समोर आमच्या फ्रिजशिवाय काही नव्हतं.