मजीदसरांचा खुळखुळा

राजेंद्र पेढे घेऊन आला तेव्हा मला वाटलं, त्याच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला असेल. मी तसं विचारलंही.

"त्याला अजून वेळ आहे, सर," तो चपला काढत म्हणाला. "हे तुमचे पेढे आहेत."

वाकून पाया पडला आणि एक छापील लेख माझ्या हातात ठेवला. "तुम्हाला अमर करून टाकलं."

राजेंद्र माझा विद्यार्थी. माझ्याच हाताखाली त्याने पीएच.डी. केली आणि मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी माझ्याच खुर्चीत विभागप्रमुख म्हणून बसला. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तो स्वतःच्या गाडीतून मला घेऊन गेला होता आणि दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला होता. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तो लबाड वाटेल. तसा तो आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लेखावर पिवळ्या फुलांचा फोटो होता. झाड मी लगेच ओळखलं. ती खुळखुळ्याची एक जात. शेंग वाळली की आतल्या बिया वाजतात, म्हणून या सगळ्या भावकीला लोक खुळखुळा म्हणतात. वर ठळक अक्षरांत नव्या जातीचं शास्त्रीय नाव होतं: क्रोटालारिया नरवडेई. नरवडे म्हणजे मी.

खाली लेखकांची नावं होती. राजेंद्रचं, आणि पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या एका तरुणाचं. मला वाटलं, माझंच वाचताना चुकलं असेल. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग शेवटचं पान उघडलं. आभारांत 'ज्येष्ठ गुरुवर्य' म्हणून मी होतो. मजीदसर कुठंच नव्हते.

मी जन्मभर शेंगा पाहिल्या. तूर, मटकी, कुळीथ यांचे रानातले भाऊबंद, टाकळा, शेवरा, खुळखुळे. पोरं मला शेंगासर म्हणत आणि गॅदरिंगला माझ्यावरचे फिशपाँड दरवर्षी त्यावरूनच पडत. इतकं करून, नवी म्हणावी अशी एकच जात माझ्या नजरेखालून गेली, आणि तीही मला सापडलेली नव्हती. मजीदसर शहरातल्याच दुसऱ्या कॉलेजात शिकवायचे. सुट्टी असली की आम्ही दोघं एसटीनं कन्नडला जायचो आणि घाट पायी उतरायचो. एकदा त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. ते कठड्याखाली टेकले आणि तिथूनच ओरडले, "नरवडेसर, इधर आओ जी! ये अपना देखेला नै."

खरंच पाहिलेलं नव्हतं. शेंगेवर दाट तपकिरी लव होती आणि पानांची ठेवण कुठल्याच ओळखीच्या जातीशी जुळत नव्हती. परतीच्या एसटीत आमचं ठरलं. वर्णन मी लिहायचं आणि नाव मजीदसरांचं द्यायचं. क्रोटालारिया मजीदी. पुढं वर्षानुवर्षं मी फुलं तपासली, शेंगा तपासल्या, जुन्या संग्रहांतले वाळवलेले नमुने मागवून ताडून पाहिले. मला लवकर खात्री वाटत नाही. ती वाटली तोवर नव्या जातीसाठी जनुकांची तपासणीही जोडायची पद्धत पडली होती. ते काम मला येत नाही. म्हणून मसुदा आणि नमुने मी राजेंद्रच्या हाती दिले.

"मसुद्यात मजीदी होतं," मी म्हणालो.

"होतं, सर. पण मला पटेना. आयुष्य तुमचं गेलं यात."

"आणि लेखकांत मी..."

"कसं ठेवणार, सर? स्वतःच्याच हातानं स्वतःचं नाव झाडाला दिलं असं दिसलं असतं. लोक हसले असते. तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

शिकवलं होतं. तसा कायदा नाही, पण आमच्या लोकांत तो संकेत आहे. झाडाला माझं नाव दिलं की मी लेखकांतून आपोआप बाहेर. मला राग यायला हवा होता. पण राग धरायला जागाच दिसेना, सगळीकडून सन्मानच होता.

"मजीदसरांना निदान लेखकांत घ्यायचं."

"त्यांनी कधी एक ओळ लिहिली का, सर?" मग तो थांबला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, "शिवाय आजकालचं वातावरण तुम्ही बघताय. उगाच कशाला कुणाला विषय द्यायचा?"

"नाव बदलता येईल का?"

"सर!" तो हसला. मलाच वाईट वाटलं, कारण हा धडा मीच दरवर्षी घ्यायचो. रीतसर छापलेलं नाव पुन्हा आवडीनिवडीनं बदलता येत नाही. ज्यानं दिलं त्यालाही नाही. हा मात्र कायदाच.

"रविवारी तुमचा सत्कार ठेवलाय," तो म्हणाला. "हॉल बुक झाला. घ्या ना पेढा."

मी पेढा घेतला.

संध्याकाळी रिक्षा करून मजीदसरांकडे शहागंजला गेलो. दार जहांआराभाभींनी उघडलं. "मुबारक, भाईसाब," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. एरवी मी चपला काढायच्या आत त्या चहाचं विचारतात.

मजीदसर पलंगावर बसले होते. कुणीतरी त्यांना तो लेख मोबाइलवर पाठवला होता.

"या, नरवडेसर. झाडाचा फोटू चांगला आलाय."

"मला माहीत नव्हतं, मजीदसर."

"लाडका चेला तुमचा. तुम्हाला न विचारता?"

"न विचारता."

त्यांनी विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर ठेवला असता का, हेही मला सांगता येईना.

"बदलवून घ्या मग."

"ते बदलत नाही."

"कमाल है. शहराचं बदलतं, स्टेशनाचं बदलतं, आणि झाडाचं तेवढं बदलत नाय?"

ते हसले. मीही हसलो. आतून चहा घेऊन आलेल्या भाभी हसल्या नाहीत.

"अपनी कहकशा के बेटे कू बोल के रखे इनो," त्या कप ठेवत, मजीदसरांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "घाट में तेरे नाना के नाम का झाड है. उनो पूरे स्कूल में बोल के आया. अब क्या बोलना उसकू?"

"जाने दो जी," मजीदसर म्हणाले.

"रविवारी मी सांगतो," मी म्हणालो. "स्टेजवरून, सगळ्यांसमोर. झाड तुमचं आहे म्हणून. तुम्ही दोघं या."

"तुम्ही? माइकवर?" मजीदसरांच्या भुवया वर गेल्या. माझ्या निरोपसमारंभात मी 'आभारी आहे' म्हणून खाली बसलो होतो, ते त्यांनी पाहिलं होतं.

"बोलेन."

"मग येतो."

रविवारी हॉल भरला होता. जुने विद्यार्थी वैजापूर, कन्नडहून आले होते. मजीदसर आणि भाभी तिसऱ्या रांगेत बसले होते. राजेंद्रनं शाल घातली, श्रीफळ दिलं आणि मला माइकपुढं उभं केलं. मी घरी भिंतीसमोर म्हणून पाहिलेली वाक्यं एकामागून एक म्हणून टाकली.

"हे झाड मला सापडलेलं नाही. ते मजीदसरांना सापडलं. त्यांचंच नाव द्यायचं आमचं ठरलं होतं. माझं नाव मला न विचारता दिलं गेलं आणि ते चुकीचं झालं आहे."

राजेंद्रचा चेहरा उतरला. मला वाटलं, जमलं.

मग त्यानं दुसरा माइक घेतला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं असं मला आजही वाटतं. "पाहिलंत?" तो म्हणाला. "हे आमचे सर. आयुष्यात स्वतःकडे कधी काही घेतलं नाही. आजही घ्यायला तयार नाहीत."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मी विनयानं बोलत नाहीये," मी म्हणालो.

लोक हसले, अगदी प्रेमानं. मागून कुणीतरी ओरडलं, "शेंगासर, आता तरी मोठं व्हा की!" पुन्हा हशा. मी आणखी काहीतरी म्हणालो, पण ते मलाही ऐकू आलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"आणि आनंदाची गोष्ट म्हणजे," राजेंद्र म्हणाला, "सरांचे घाटातले सोबती मजीदसर आज इथं आलेत. मी विनंती करतो, पुष्पगुच्छ त्यांच्याच हस्ते द्यावा."

मजीदसर जागचे उठेनात. शेजारच्यांनी त्यांना उठवलं, दोघांनी हाताला धरून पायऱ्या चढवल्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मोठा गुच्छ कुणीतरी त्यांच्या हातात दिला. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"जरा जवळ या, सर. इकडं बघा," फोटोग्राफर म्हणाला.

मी हात खालीच ठेवले. मी गुच्छ घेतलाच नाही तर लोकांना काहीतरी कळेल, असं मला वाटत होतं. त्यांना काय कळेल याचा मात्र अंदाज येत नव्हता.

"मी सांगितलं, मजीदसर," मी पुटपुटलो.

"सुना मैं." त्यांनी माझ्या खांद्यावरून मागच्या बॅनरकडं पाहिलं. त्यावर माझा फोटो होता. "सांगितलं तुम्ही. पण तुमचं असलं बोलणं लोक खरं धरत नाय, हे तुम्हाला आधी माहीत होतं की नव्हतं?"

खाली तिसऱ्या रांगेत भाभी पर्स काखेला लावून उभ्या होत्या, निघायच्या तयारीत.

"घ्या, नरवडेसर," मजीदसर म्हणाले. "हात दुखायला लागला."

मी गुच्छ घेतला. फ्लॅश पडला. मजीदसर वळणार तेवढ्यात राजेंद्र आमच्या मधोमध येऊन उभा राहिला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकले आणि फोटोग्राफरला म्हणाला, "अजून एक."