कुलूप हाय, दार न्हाई

मी एक कुलूप. पितळी, मुठीत मावणारं, दोन किल्ल्यांचं. कुलपानं तोंड बंद ठेवावं, हा आमचा धर्म. पण इतकी वर्षं ज्यांची तोंडं बंद राहायला हवी होती त्यांची उघडीच राहिली, आणि मी एकटाच गप्प बसलो. आता वैताग आलाय, म्हणून बोलतोय.

माझा जन्म अलीगढचा. खोक्यात बसून कोल्हापूरला आलो आणि महाद्वार रोडच्या एका दुकानात बिजागऱ्यांच्या शेजारी लटकलो. तिथून मला उचललं धोंडुबाईनं. शाहूवाडीकडची म्हातारी, आवाज खणखणीत. दुकानदाराला म्हणाली, "पावणं, घणानं मारलं तरी तुटू नये असं द्या." तिच्या मागं तिची सून संयोगिता खाली बघत उभी होती.

दोघींनी गाव का सोडलं ते मला लवकरच कळलं. धोंडुबाईचा धाकटा मुलगा सयाजी आजारपणात गेला. मग संयोगिताचं रक्त तपासलं, तर तिलाही एचआयव्ही निघाला. थोरल्या दादासोनं भावजयीचं ताट वेगळं केलं, मग तिचं अंथरूण गोठ्याच्या पडवीत टाकलं. धोंडुबाईनं ते बघितलं आणि आपलंही अंथरूण उचलून पडवीत नेलं. त्याच आठवड्यात सासू-सुना कोल्हापूरच्या एसटीत बसल्या.

शिवाजी पेठेत अक्काताई नावाच्या बाईंच्या घरात खालची खोली मिळाली. तिच्या दारावर मी लागलो. संयोगिताला जवळच तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्सी शिवायचं काम मिळालं. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या संघांच्या जर्सी ती एकाच मशीनवर शिवायची, आणि कुणाची तक्रार नव्हती.

औषधाच्या बाबतीत मी सरकारला नावं ठेवणार नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळायच्या. तिथल्या समुपदेशक भाग्यश्री मॅडमनी दोघींना जवळ बसवून समजावलं होतं, की एका ताटात जेवल्यानं किंवा एका नळावर पाणी भरल्यानं हा आजार कधीच लागत नाही. रोजची गोळी चुकवायची नाही, पोटभर जेवायचं, शांत झोपायचं, बस्स. संयोगिता तसंच वागली. अंग भरलं, खोकला गेला, पुढं तपासणीत विषाणू दिसेनासा झाला. डॉक्टरही खूश.

आता मला सांगा, शांत झोपायला छप्पर लागतं की नाही? गोळी फुकट द्यायची आणि ती ठेवायला फळी नाही, याला काय म्हणायचं?

निराधारांना मिळणाऱ्या मदतीसाठी संयोगिता एका कचेरीत गेली. रांग मोठी होती. तिचे कागद हातात आल्यावर कारकुनानं बसल्या जागेवरून हाक मारली, "एचआयव्हीवाली बाई कोण? पुढं या." रांगेत अक्काताईंची जाऊ उभी होती. संयोगिता घरी पोचायच्या आधी बातमी पोचली.

संध्याकाळी अक्काताई दारात आल्या. भाचा शिकायला यायचाय, खोली लागंल, म्हणाल्या.

"कालपातूर ह्यो भाचा कुठं हुता?" धोंडुबाईनं विचारलं.

अक्काताई खाली बघून म्हणाल्या, "मला तुमचं काय न्हाई वो. पर घरात ल्हान पोरं हायत."

संयोगिता भांडी गोणपाटात भरू लागली. मला दारावरून काढून पिशवीत टाकलं.

पुढची खोली राजारामपुरीत, एका कोचिंग क्लासच्या मागं. मालक शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून समजूतदारपणे मान डोलावली, आणि काही दिवसांत सामाईक नळ या दोघींना बंद करून टाकला. त्यानंतरच्या खोलीत शेजारणींनी जिनाच वेगळा वापरायला सांगितला. भाग्यश्री मॅडम म्हणाल्या, अशा कारणानं बाहेर काढायला कायद्याची मनाई आहे, आपण तक्रार करू. पण तक्रार म्हणजे पुन्हा कचेरी, पुन्हा रांग, पुन्हा नावानं हाक. संयोगितानं हात जोडले.

आणि जिथं जावं तिथं एकच प्रश्न. "झालं कसं वो हे?" दलाल विचारायचा, मालकीण विचारायची, पाणी भरायला आलेली बाई विचारायची. सयाजीच्या वागण्याचा हिशेब सगळ्यांना हवा होता. त्याची बायको आज कुठं झोपणार, हे एकानंही विचारलं नाही.

घरकुलाचा अर्ज केला, तर पत्त्याचा पुरावा मागितला. पुराव्यासाठी भाडेकरार लागतो. करार कोण करून देणार? मालकाला या दोघी दारात नको होत्या. म्हणजे घर मिळायला आधी घर पाहिजे! मी साधं कुलूप, पण इतका उलटा खटका मी आमच्या कारखान्यातसुद्धा पाहिला नाही.

ती तिसरी खोलीही सुटली त्या सकाळी धोंडुबाई सुनेला घेऊन थेट गावाकडच्या तालुक्याला, घरकुलाच्या कचेरीत गेली. मी पिशवीत होतो. साहेबांनी मान वर न करताच पत्ता विचारला. धोंडुबाईनं पिशवीत हात घातला आणि मला टेबलावर ठेवलं.

"साहेब, कुलूप हाय. किल्ल्याबी हायत. दार न्हाई. तेवढं तुमी द्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पहिल्यांदा नीट सांगितलं, की सुनेच्या नावावर गावात जागा असेल तर घरकुल मंजूर होईल, नाहीतर त्यांचेही हात बांधलेले आहेत.

"मग सातबाऱ्यावर माझं नाव हाय की," धोंडुबाई म्हणाली.

वर्षभर खेटे घालत होत्या दोघी. हे एवढं एक वाक्य त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

गावात दादासो पेटला. त्या बाईला परत आणलीस तर लोक काय म्हणतील, असं तो आईला चारचौघांत बोलला. धोंडुबाईनं त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "लोकांचं म्हणून झालं. तुझ्या वाटचं मी घेत न्हाई. माझ्या वाटचं माझ्या सुनंला देतो." भाऊबंदांनी दादासोला गप्प केलं. बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि रस्त्याकडेचा तुकडा संयोगिताच्या नावावर झाला; घरकुलही मंजूर झालं.

तुम्हाला वाटेल, झालं एकदाचं. कुठलं! भिंती खिडक्यांच्या वर गेल्या आणि सरकारी पैशाचा पुढचा हप्ता अडकला. पाहणी व्हायची आहे म्हणे. दोघी अपुऱ्या भिंतींवर पत्रे टाकून राहतात. जर्सीचं कापड कोल्हापूरहून एसटीनं येतं, गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यात मिळतात. चौकट बसलीय, दार नाही. मी त्या चौकटीच्या कडीला नुसता लोंबकळतो.

परवा पाहणीला एक जण आला. भिंती बघितल्या, कागद चाळला, कागदावरचा आजार वाचला आणि आवाज बारीक करून संयोगिताला विचारलं, "झालं कसं हे?"

धोंडुबाई तोंड उघडणार, तेवढ्यात संयोगिताच बोलली. मशीनवरून उठलीसुद्धा नाही.

"ते समद्यांचं विचारून झालंय, साहेब. तुमी स्लॅबचा हप्ता कधी पडंल ते सांगा."

तो ओशाळला. पंधरवड्यात होईल, म्हणाला, आणि मोबाईल काढून फोटो घ्यायला लागला.

पंधरवडा उलटायचाय अजून. मी वाट बघतोय. तोवर तुम्हाला एक विनवणी करतो. तुमच्याकडं रिकामी खोली असेल आणि दारात अशी कुणी आली, तर भाडं सांगा, राहणार किती जण ते विचारा, नळाला पाणी कधी येतं ते सांगा, आणि किल्ली तिच्या हातात द्या. बाकीचं विचारायला डॉक्टर आहेत.