आ-हाची प्रकृती

स्यू-हा मंगळवारी दुपारी वारली. पण बुधवारी सकाळी तिच्या नवऱ्याने, फू केंग-वाने, रोजच्यासारखं आलं ठेचलं, काळ्या साखरेच्या पाण्यात उकळलं, पेला तिच्या उशाशी ठेवला आणि "गार होऊ देऊ नकोस" असं रिकाम्या गादीला बजावलं. तेव्हा आपणही ती वारली नाही असंच धरून पुढे जाऊ. म्हाताऱ्या माणसाला उगाच खोटं कशाला पाडायचं?

कंपार गावच्या चिनी बाजारात केंग-वाचं थंड चहाचं दुकान होतं. हा चहा उकळता पितात. थंड तो पोटात गेल्यावर. चोवीस पाले एकत्र कढवलेला, काळाकुट्ट आणि इतका कडू, की प्यायल्यावर माणूस आजार विसरून चहाचीच तक्रार करी. ड्युरियनचे उष्ण गरे खाऊन ज्याचे ओठ फुटले, तळलेलं खाऊन ज्याचा घसा बसला, सासू चार दिवस राहायला आली म्हणून ज्याचं डोकं भणभणलं, त्या सगळ्यांची उष्णता केंग-वा उतरवायचा. आधी जीभ दाखवावी लागे. पोलीस ठाण्याचे साहेबसुद्धा टोपी काढून, उभं राहून त्याला जीभ दाखवत.

बायकोला तो 'आ-हा' म्हणे. आपल्या कानांना तो सतत कशाने तरी हरखून गेलाय असं वाटेल, पण तिकडे ते नुसतं हाक मारायचं नाव. भांडतानाही तेच.

लग्नानंतर आठ दिवसांनी, दुकान आवरताना, त्याने पहिल्यांदा सवडीने तिचा हात हातात घेतला होता. हात गारठलेला.

"आ-हा, तुझी प्रकृती थंड आहे."

"दिवसभर तुझ्या वाट्या विसळते. हात काय भाजायला हवेत?"

"वाट्यांचा संबंध नाही. मुळातच थंड."

"आणि आत्ता माझं डोकं तापलंय ते?"

"तो राग. राग प्रकृतीत धरत नाहीत."

निकाल लागला. त्या दिवसापासून आ-हाला कलिंगड बंद, काकडी बंद, मुगाचं गोड पाणी बंद, आणि शहाळं तर तिच्या नजरेलाही पडू नये म्हणून तो बाजारातून लांबच्या रस्त्याने घरी येई. तिला आलं, मिरी, तिळाच्या तेलातली कोंबडी. तिच्या तोंडात फोड आले की तो समाधानाने म्हणे, "बघ, थंडी बाहेर पडतेय." अडतीस वर्षं सगळ्या गावाला थंडावा पाजणाऱ्या माणसाच्या घरात एक बाई अशी मंद आचेवर ठेवलेली होती.

मग तिला ताप भरला आणि छातीत कफ झाला. इस्पितळाने काही दिवस ठेवून घरी पाठवलं. आता मागेल ते द्या, म्हणाले.

"एक शहाळं आण," ती म्हणाली.

"कफ झालाय. शहाळं म्हणजे विष."

"घोटभर रे."

"बरी हो, मग दोन आणतो."

"मला गिऱ्हाईक समज. ही बघ जीभ."

तिने जीभ बाहेर काढली. लालभडक, कोरडी, मधे चिरलेली. बाजारात कुणी अशी जीभ दाखवली असती तर केंग-वाने त्याला बसायलाही न सांगता आधी वाटी भरली असती. त्याने ती वाकून पाहिली.

"आल्याने रंग चढलाय," तो म्हणाला आणि पेला पुढे केला.

तिने प्यायलं. सगळं प्यायलं, कारण तो पेला धरून उभा होता.

हे सोमवारचं. मंगळवारचं आपण काही धरलेलंच नाही.

सहा आठवड्यांनी दुकान उघडलं. मुलगी पुई-यी जोहोरहून येऊन राहिली होती, ती चहा ओतायला उभी राहिली. वाट्या विसळायला कुणीच नव्हतं, तेव्हा केंग-वा स्वतः मागच्या बुटक्या स्टुलावर बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी पुई-यीने त्याच्या हातातून वाट्या घेतल्या आणि दचकली.

"पा, केवढे गार पडलेत हात!"

"पडणारच. सकाळपासून पाण्यात..."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, वाट्यांच्या चळतीकडे पाहिलं. मग एक हात दुसऱ्या हातात घेतला, सवडीने, जसा पूर्वी एकदा तिचा घेतला होता.

"आ-हा," तो म्हणाला. हरखल्यासारखं त्यात काही नव्हतं.

"पा, शहाळ्याने आई वाचली नसती," पुई-यी म्हणाली. सोमवारचं तिला त्यानेच सांगितलं होतं.

"मग काय झालं असतं?"

"तहान भागली असती."

पुढच्याच आठवड्यात त्या मंगळवारपासूनचा एकोणपन्नासावा दिवस आला. त्या दिवशी पाताळातल्या कचेरीला अर्ज जाळून पाठवायचा असतो. लाव पुरोहित छापील कागद घेऊन आले.

"चांगला जन्म मागू या," ते म्हणाले. "बाई कष्टाळू होती."

"प्रकृतीची दुरुस्ती मागायची आहे."

"असा रकाना नाही. आणि मेलेल्यांना प्रकृती नसते, केंग-वा."

"तुम्ही त्यांची जीभ पाहिलीत?"

लाव पुरोहितांनी पाहिली नव्हती. त्यांनी कागद पालटला आणि कोऱ्या बाजूला केंग-वा सांगेल तसं लिहिलं:

'पाताळ नोंदणी कचेरीस सविनय सादर. कंपार येथील मोक स्यू-हा, वय एकसष्ट, यांची प्रकृती अर्जदाराने थंड अशी ठरवली होती. ठरवताना वाट्यांची चौकशी करण्यात आली नाही. चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे. तरी सदर नोंद उष्ण अशी दुरुस्त करावी, ती दुरुस्ती मृत्यूच्या आदल्या दिवसापासून, म्हणजे सोमवारपासून, लागू झाल्याचे मानावे, आणि एक शहाळे घेऊन त्या सोमवारी दुपारी हजर राहण्याची अर्जदारास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. घोटभर वेळ पुरेल. शहाळे अर्जदार स्वतः फोडून आणील.'