मानेवरचं लेबल

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या अख्ख्या दुकानाला माहीत आहे. मालकांनाही. पण माझ्याइतकी सरळ टीप घालणारं दुसरं कोणी त्यांना मिळत नाही, म्हणून ऐकून घेतात बिचारे. मी बसते तिसऱ्या मजल्यावर, ट्रायल रूमला लागून, मशीन घेऊन. बाई आत जाते, आरशात बघते, बाहेर येऊन म्हणते, "मावशी, जरा इथे दाबून द्या." सैल करायचं असेल तर आवाज खाली येतो. मग आणखी खाली आणून म्हणते, "ते मानेवरचं लेबल तेवढं काढून टाका हं. टोचतं."

टोचतं म्हणे! एवढीशी मऊ पट्टी ती, कोणाला टोचणार? टोचतो तो तिच्यावरचा आकडा. कपाटात नणंदेनं बघितला, दोरीवर शेजारणीनं वाचला, की झालं. मी चार टाके उसवते आणि लेबल बिस्किटाच्या डब्यात टाकते. डबा दोनदा भरून आता तिसऱ्यांदा भरत आलाय.

तर सोमवारी त्या नटीचे कपडे आले. तीच हो, जिची मालिका संपता संपत नव्हती. दोन बाळंतपणं झाली, बाई अंगानं भरली, तेव्हा पेपरवाल्यांनी तिचे जुने-नवे फोटो शेजारी शेजारी छापून तिला रडवलं होतं. डोळे पुसून बाईनं कपड्यांचीच कंपनी काढली. बाकीच्यांची मापं जिथे संपतात, तिथून हिची सुरू. मालकांनी दारात तिचा माणसाएवढा फोटो लावला. पिवळाधमक ड्रेस, कंबरेला पट्टा आणि तोंडभर हसू. कपड्यांचा स्टँड मात्र माझ्या कोपऱ्यात, पडद्याआड.

"बायकांना संकोच वाटतो, मावशी."

"त्यांना वाटतो की तुम्हाला?" मी विचारलं. ते खाली निघून गेले.

लोकांचं तर काही विचारू नका. एक गृहस्थ फोटोपुढे उभे राहून बायकोला म्हणाले, "चल, तुझा बोर्ड लागलाय." ती हसली, हसावं लागतं म्हणून. दोन कॉलेजच्या मुली गाल फुगवून फोटोशेजारी फोटो काढून गेल्या. एक काडीपैलवान बाई खास तिसऱ्या मजल्यावर येऊन मला ऐकवून गेली, की असे लाड केले तर लोक व्यायाम कशाला करतील? मी म्हटलं, "बाई, व्यायामाला जाताना पण अंगावर काहीतरी घालावं लागतं ना?" लगेच खालून मालकांचा फोन. "मावशी, गिऱ्हाईक आहे हो ते!"

पडद्याआड येणाऱ्या बायकांची तर निराळीच गंमत. एकीलाही स्वतःसाठी नको होतं. "जावेसाठी बघतेय, माझ्याच अंगाची आहे." दुसरीला मैत्रिणीसाठी, तिसरीला परगावच्या बहिणीसाठी. त्या जावा-बहिणींच्या वतीनं तासतासभर घालून बघायच्या, आरशापुढे वळून वळून. आणि जाताना, "मावशी, लेबल."

आता माझ्या घरचं सांगते, म्हणजे त्या आठवड्यात माझी जीभ एवढी का सुटली होती ते कळेल.

माझी लेक जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. आम्ही चिमणी म्हणायला लागलो. चौदाव्या वर्षी अंगानं सुटली, नाव तसंच राहिलं, नातेवाइकांना आयती करमणूक मिळाली. चिमणी आठ वर्षं रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करते. बेकरीत, सलूनमध्ये, दवाखान्यात, जिकडेतिकडे तिचा आवाज. आवाज सगळे ओळखतात, चेहरा कोणीच नाही, आणि तिला तेच बरं वाटतं. पण त्या रविवारी तिच्या रेडिओ केंद्राचा वाढदिवस होता. मोठं सभागृह, हजार माणसं, आणि सूत्रसंचालन हिच्याकडे. हिनं साहेबांना काय सांगावं? "मी पडद्यामागून बोलते." साहेब म्हणाले, स्टेजवर यायचं नसेल तर दुसरीला देतो, गुरुवारपर्यंत काय ते सांग.

"आठ वर्षं तू राबलीस आणि टाळ्या दुसरी घेणार?" मी म्हटलं.

"घालू काय, आई?"

"मी शिवते ना!"

तिनं कपाटाकडे बघितलं. आत सगळे कपडे माझ्याच हातचे. काळे, निळे, तपकिरी, खांद्यापासून सरळ खाली सोडलेले, सगळं झाकतील असे. मला भयंकर राग आला. कोणावर आला, ते तेव्हा कळलं नाही.

गुरुवारी सकाळी मशीनवर माझा छोटा रेडिओ चालू होता. चिमणीनं विषय घेतला होता त्या नटीच्याच कपड्यांचा, तुम्हाला काय वाटतं ते कळवा म्हणून. धडाधड निरोप यायला लागले. कोणीतरी लिहिलं होतं, तंबूचं कापड कुठून आणलं म्हणे? तिनं ते जसंच्या तसं वाचलं, आवाज जराही हलला नाही. एका बाईनं कळवलं, की आयुष्यात पहिल्यांदा खांद्यावर नीट बसलेला ड्रेस घातला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. एक आजोबा फोनवर आले. म्हणाले, "आमच्या मंडळींना बाजारात मनासारखं कधी मिळालंच नाही हो. आज असती तर तो पिवळा घेतला असता तिला." माझ्या डोळ्यांतच पाणी आलं.

मग एक माणूस लाइनवर आला. आवाजातच खवचटपणा. "ते सगळं ठीक आहे ताई, पण तुमचं स्वतःचं माप काय?"

माझ्याजवळ तीन-चार बायका उभ्या होत्या, त्या रेडिओकडे वळल्या. मी आवाज मोठा केला.

"खरं सांगू?" चिमणी म्हणाली. "मला माहीतच नाही. चौदा वर्षांची होते, तेव्हा माझ्या आईनं माझ्या सगळ्या कपड्यांची लेबलं कापली. कपड्यांचंच काम करते ती, कात्री फार छान चालते तिची. पुढे तर तीच माझे कपडे शिवायला लागली, म्हणजे लेबलाचा प्रश्नच मिटला. आकडा बघून मी खट्टू होईन, असं वाटलं असेल तिला. माया करते फार. पण मला एवढंच कळलं, की माझ्यात असं काहीतरी आहे, जे माझ्या आईलासुद्धा कापून टाकावंसं वाटतं."

आणि गाणं लागलं.

माझ्या हातात तेव्हा कात्रीच होती. मांडीवर एक निळा ड्रेस, लेबलाची एक बाजू उसवलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्यांच्या तोंडावर फाडफाड बोलणारी मी, आणि स्वतःच्या पोरीचं असं करून बसले होते. शरमेनं मान वर होईना.

"मावशी, बरं नाही का?" निळ्या ड्रेसवाली बाई म्हणाली. तिला काय माहीत ती रेडिओवरची आई कोण! मग तीच म्हणाली, "ते लेबल राहू द्या. परत शिवून टाका. आणि... जावेसाठी नाहीये तो, माझाच आहे."

मी लेबल परत शिवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि टीप वाकडी आली.

दुपारी सुट्टी टाकून घरी गेले, बरोबर पिवळा ड्रेस घेऊन. चिमणीचं माप मला तोंडपाठ आहे, विचारायची गरजच नव्हती. ती स्वयंपाकघरात चहा ओतत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चिडलीस?"

"चिडले तर! घरी बोलली असतीस."

"घरी तू कोणाला बोलू देतेस का?"

घ्या! मी पिशवी ओट्यावर ठेवली. "चुकले मी, चिमे. लोकांनी तुला काही बोलू नये म्हणून मी आधीच सगळं झाकत सुटले. तुला काय वाटेल ते मनातच आलं नाही. घालून बघ. नाही आवडला तर फेकून दे, पण मला माफ कर."

ती आत गेली. फार वेळ लागला. मी दोन्ही कप चहा पिऊन टाकला. बाहेर आली तेव्हा मी सवयीनं आधी बाहीचा मुंढा बघितला, मग खांदे, मग कंबर. दुसऱ्यांच्या शिवणीतल्या चुका काढण्यावर माझं पोट चालतं, पण या ड्रेसमध्ये मला एक चूक सापडेना. माझी पोरगी इतकी देखणी आहे, हे मी स्वतःच्याच हातानं झाकून ठेवलं होतं.

"लेबल आहे?" तिनं विचारलं.

"हात लावला नाही."

तिनं मानेमागे हात घालून ते पुढे ओढलं, मान तिरकी करून आकडा वाचला, चांगला मोठ्यानं. आणि खो खो हसायला लागली. "एवढाच? आई, मला वाटायचं काय तरी भयंकर असेल!"

मग फोन उचलला आणि साहेबांना म्हणाली, "मी येतेय. पडद्यापुढे."

शुक्रवारी मालकांनी तो स्टँड स्वतः उचलून खाली दारापाशी नेला. लोकांचे फोन आले म्हणे, तिसऱ्या मजल्यावर का लपवलाय म्हणून. दिवसभरात दोघींनी मला लेबल काढायला सांगितलं. मी म्हटलं, कात्री धारेला दिलीय.

रविवारी मी पहिल्या रांगेत होते. चिमणी आली तशी मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, ही?" कोणीतरी फिसकन हसलंही. मी उठून एकेकाला बघून घेणार होते, तेवढ्यात ती माइकशी आली आणि म्हणाली, "नमस्कार. हो, हीच. रोज सकाळी तुमच्या घरात येते ती."

आवाज ओळखला लोकांनी. आधी थोड्या टाळ्या पडल्या, मग अख्खं सभागृह वाजायला लागलं. ती हसली, तोंडभर. पुढे दोन तास तिनं त्या हजार माणसांना असं काही हसवलं, की ते फिसकन हसणारं कोण होतं, ते मला शोधूनही सापडलं नसतं.

शेवटी वादकांची ओळख करून द्यायला ती मागे वळली, आणि मला दिसलं. पिवळ्या गळ्यावर ते पांढरं लेबल बाहेर आलेलं, अगदी ठसठशीत. माझे हात शिवशिवले. पर्समध्ये कात्री होती, खोटं कशाला बोलू.

शेजारची बाई माझ्या कानाशी लागली. "अहो, तिचं लेबल बाहेर आलंय. कोणीतरी सांगा तिला."

"असू दे," मी म्हटलं. "माझी मुलगी आहे ती."