एकाला पाच

पुठ्ठ्याचं ते हिरवं तिकीट, खेळायच्या पत्त्याएवढं – वर बुकी डिनी ट्युहीचं नाव आणि एक आकडा, बाकी काही नाही – ब्रीडाच्या मुठीत आताच घामानं मऊ पडायला लागलं होतं. असली तिकिटं तिनं आजवर फक्त चुरगळलेली पाहिली होती, नवऱ्याच्या कोटाच्या खिशात, गाडीच्या सीटखाली... मॅलकी इथे, कुत्र्यांच्या शर्यतीत, कठड्याला पोट लावून बोंबलायचा आणि ती बाहेर गाडीत काच चढवून विणत बसायची. काचेतूनही त्याचा आवाज ओळखू यायचा. लाज वाटायची. एका कुत्र्यासाठी माणसानं इतकं ओरडावं?

मॅलकी मार्चमध्ये गेला. मागे त्याची पेग राहिली, काळी, लांब पायांची, दाराशी टांगलेल्या त्याच्या कोटाकडे तोंड करून झोपणारी कुत्री. आज ती पाचव्या पिंजऱ्यातून पळणार होती आणि फिंटन रोश तिला विकत घ्यायला आला होता.

“पळायच्या आधी सांग,” फिंटन मघाशी म्हणाला होता. “हरली की भाव निम्मा.”

“आणि जिंकली तर?”

“पेग? अगं, वळण आलं की ती बाहेर फेकली जाते. साऱ्या गावाला ठाऊक आहे.”

हो म्हणायचं ठरवूनच ती घरून निघाली होती. पहाटे चिखलात पेगला फिरवणं, तिच्यासाठी शिजवणं, सगळं एकदाचं संपणार... ‘हो’ अगदी जिभेवर होतं. आणि पाय मात्र बुकींच्या रांगेकडे वळले. का? साऱ्या गावाला ठाऊक आहे म्हणाला, म्हणून?

पेटीवर उभ्या डिनीनं तिला पाहिलं आणि खडू हवेतच थांबवला. “ब्रीडा! वाट चुकलीस की काय? गाड्या तिकडे लावतात!”

आजूबाजूचे हसले. तिचे कान तापले.

“पाच नंबर. वीस पौंड.”

“जिंकण्यावर?”

“मग काय, हरण्यावर लावू?”

आता सगळे डिनीला हसले. “मॅलकीनं जन्मभर माझी चूल पेटती ठेवली,” तो म्हणाला, “आता तूही आलीस, देव तुझं भलं करो! एकाला पाच, जिंकली तर पौंडाला पाच पौंड.” पण तिकीट देताच त्यानं ओल्या स्पंजनं फळ्यावर पेगच्या नावापुढचा भाव पाचावरून चारावर आणला, आणि रांगेत कुजबूज पळत गेली – मालकीणच लावतेय, बाईला काहीतरी माहीत आहे. मला? मला कसलं माहीत! माणसं तिला ढकलून नोटा पुढे करू लागली, चाराचे तीन झाले, आणि फिंटन धापा टाकत आला, “दीडपट देतो, ब्रीडा, पण आत्ताच बोल –”

तेवढ्यात कुत्र्यांना पळवणारा यांत्रिक ससा घरघरत गेला. पिंजरे उघडले.

पेगची नारिंगी झूल तिसरी होती, नाही, चौथी, वळण आलं आणि पेग बाहेर ढकलली गेली, तशीच, ठाऊक होतं तशीच, पण बाहेरून, लांबच्या वाटेनं, ती मागे पडेना, वाळू उडवत एकेकाला गाठत होती, आणि कुणीतरी “धाव गं, बाये, धाव!” असं घसा फाडून, निर्लज्ज ओरडत होतं, आणि दोन थोबाडं एकदम रेषेवर गेली तेव्हा ब्रीडाला कळलं की आवाज आपला होता.

“फोटो पाहून निकाल,” भोंगा म्हणाला.

“तिप्पट...” फिंटन कानाशी बोलत होता. तिला ऐकू येत होतं, अर्थ लागत नव्हता. ओरडून घसा जळत होता. लावू देत पंचांना वेळ. बघू देत त्यांना तो फोटो उलटासुलटा... निकालापेक्षा हे – हे जे छातीत दणदणतंय – तेच थांबू नये असं वाटत होतं. मॅलकीचं हे होतं तर. इतकं साधं! तो कधी सांगू शकला नाही, आणि आपण कधी विचारलं नाही.

समोर डिनी पुढच्या शर्यतीचे आकडे लिहायला लागला होता, आणि ब्रीडा, नकळत, ते वाचत होती.