डावं कपाट की उजवं

डॉक्टर बाहेर आले, त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि काटेवाल्यांना कळलं. चष्मा काढून कुणी चांगली बातमी सांगत नाही. सकाळी धडधाकट घराबाहेर पडलेली बायको रस्त्यात पडली होती आणि दुपारच्या आत संपली होती.

नर्सने बायकोची पिशवी हातात दिली. आत एक मोजपट्टी होती, घरातल्या कुठल्याही कुलुपाला न लागणाऱ्या दोन किल्ल्या होत्या, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘डावं की उजवं? ह्यांना पुन्हा विचारणे.’

त्यातला ‘पुन्हा’ काटेवाल्यांना लागला. सकाळी ती काहीतरी विचारत होती खरी. ते एका ताणकाट्याची स्प्रिंग बसवत होते. ते ‘हं’ म्हणाले होते.

वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. अर्ध्या ग्रॅमची चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. बायको समोर बसून काय बोलते, ते मात्र बऱ्याचदा सुटायचं. ती बोलायची, ते ‘हं’ म्हणायचे, आणि संसार चालायचा. आता तिचा शेवटचा प्रश्न त्यांच्याकडे तसाच राहिला होता, आणि प्रश्न कशाबद्दल आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्याचं उत्तर दिल्याशिवाय आपल्याला धड रडताही येणार नाही, असं त्यांना वाटू लागलं.

मोजपट्टीच्या मागे एका जुन्या सामानाच्या दुकानाचा पत्ता चिकटवला होता. तीन आठवड्यांनी ते तिथे गेले.

बस डेपोमागे पत्र्याची उंच शेड होती. आत कपाटंच कपाटं. दुकानदार काटकुळा माणूस, प्रत्येक फळीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा. त्याला सगळे वाळवी म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. किल्ल्या बघितल्याबरोबर तो उभा राहिला.

“या दाजी,” तो म्हणाला. “ताईंचं कळलं. त्या गेल्या तेव्हा त्यांचे एकोणीस दिवस भरले होते. अकरा राहिलेत.”

कसले, ते त्याने बसवून समजावलं. त्याच्या दुकानात कपाट बघून कुणाला विकत नसत. रिकामं कपाट म्हणजे पाहुण्यांसमोरचं पोर, शहाण्यासारखंच वागतं. खरा स्वभाव कळायला त्यात संसार भरावा लागतो. म्हणून गिऱ्हाइकाने आपलं सामान आणून कपाटात लावायचं, महिनाभर रोज येऊन लागेल ते काढायचं, परत ठेवायचं, आणि मग हो की नाही ते सांगायचं. काटेवाल्यांच्या बायकोचं हे दोन वर्षं चाललं होतं. आधीची बारा कपाटं तिने नापास केली होती. एकाची पाठ नवी प्लायवूडची निघाली. एकाच्या खणांना पावसाळ्यात रडू फुटायचं. एक दिसायला देखणं, पण आतून औषधांचा वास जाता जात नव्हता. एकाच्या पायाशी सकाळी पिठासारखी भुकटी दिसली, आणि दुसऱ्याच दिवशी तिने आपला संसार तिथून हलवला.

आता दोन उरली होती. डावं काचेच्या दारांचं, पुस्तकांचं, सागवानी. उजवं कुठल्याशा कचेरीतून आलेलं, छत्तीस खणांचं, प्रत्येक खणावर नावाची चिठ्ठी अडकवायला पितळी चौकट.

काटेवाल्यांनी उजव्याचा एक खण ओढला. आत त्यांचा चष्मा होता. शेजारच्या खणात त्याहून जुना चष्मा. डाव्याच्या मधल्या फळीवर, पुस्तकांच्या बाजूला, त्यांचा तपकिरी स्वेटर नीट घडी घालून ठेवला होता. त्या स्वेटरपायी त्यांनी इस्त्रीवाल्याशी वर्षभर अबोला धरला होता.

“म्हणजे आमचं घर इथे आहे,” ते म्हणाले.

“सगळं नाही. पलंग ताईंनी घरीच ठेवला. म्हणाल्या, तेवढं ह्यांच्या लक्षात येईल.”

काटेवाल्यांनी ओढलेला खण परत लावला. मग उत्तर आता कुणी द्यायचं ते त्यांनी विचारलं. वाळवी म्हणाला, तुम्हीच. ताई शेवटच्या इथून निघताना म्हणाल्या होत्या, ह्यांना विचारून सांगते.

दुसऱ्या दिवसापासून काटेवाले रोज जाऊ लागले. सकाळी चपला घालून दुकानात जायचं, उजव्या कपाटातून मोजे काढायचे, ते पायात घालून घरी यायचं आणि मग बूट घालायचे. दुपारी वाचायचं पुस्तक डाव्यातून घ्यायचं, तिथेच स्टुलावर बसून चार पानं वाचायची, परत ठेवायचं. तिथे ते एकटे नव्हते. एक निवृत्त गुरुजी चार वर्षं एका कोपऱ्यातल्या कपाटावर होते आणि दर महिन्याला मुदत वाढवून घेत. एक नवराबायको रोज नऊला येऊन एका अडकणाऱ्या खणावरून भांडत, मग नवरा त्यातून टाय काढून बांधी आणि दोघं आपापल्या कामावर जात.

मुलीला हे कळलं तेव्हा ती तडक आली. “बाबा, मोजे आणायला तुम्ही तीन थांबे जाता?”

“चार,” ते म्हणाले. “परतीचा थांबा पुढे आहे.”

तिने सगळं सामान आजच घरी न्यायचं ठरवलं. पहिला खण उघडला तर त्यात तिची शाळेतली कंपासपेटी निघाली. ती घेऊन ती बराच वेळ स्टुलावर बसली. मग पेटी होती तिथे ठेवली, शेजारच्या रिकाम्या खणात आपली छत्री टाकली आणि म्हणाली, परवा पाऊस आला तर घेऊन जाईन.

उत्तर मात्र सापडेना. मोजपट्टीवर बायकोने लाल दोरा बांधून घरातल्या भिंतीची खूण केली होती, पाच फूट दोन इंच. दोन्ही कपाटं बरोबर तेवढीच. दोन्हींच्या पाठी अस्सल, खण हलके, सांधे घट्ट. शेवटी काटेवाल्यांनी आपला काटा आणला आणि मुलीची छत्री बाजूला ठेवून दोन्हीकडचं सामान तोललं. डावीकडे एकेचाळीस किलो तीनशे. उजवीकडे एकेचाळीस किलो तीनशे. त्यांनी काटा तपासला, पुन्हा तोललं. तेच.

“ताई हातातच तोलून ठेवायच्या,” वाळवी म्हणाला. “म्हणायच्या, दोघांना सारखी संधी द्यावी.”

इतकी वर्षं एका घरात राहून तिच्या हातात असा काटा आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. ते खाली बसले आणि आपला काटा उगाच उघडून त्यातली धूळ पुसू लागले. त्याच वेळी वाळवी मागून काहीतरी विचारत होता. बाजूला काठी टेकून एक बाई उभ्या होत्या. काटेवाले ‘हं’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डावं कपाट जागेवर नव्हतं. जमिनीवर धुळीत पायांचे चार चौकोन राहिले होते.

वाळवीने शांतपणे सांगितलं. शिवण शिकवणाऱ्या बाईंना ते कपाट हवं होतं. पाय अधू, रोज येणं जमणारं नाही, म्हणून त्यांना घरीच महिना करायची सूट दिली. तुमचं उजवंच ठरलं ना, डावं देऊ का, असं मी विचारलं आणि तुम्ही हं म्हणालात.

“मी हं म्हणतो तेव्हा मी काही म्हणालेलो नसतो,” काटेवाले म्हणाले.

“ताईही हेच सांगायच्या.”

सामान कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. वाळवीला प्रश्नच कळला नाही. महिना चालू असताना भरलेलं कपाट रिकामं करायचं नसतं, फळ्या बिघडतात. स्वेटर आणि पुस्तकं कपाटाबरोबर गेली होती.

काटेवाले शिवणबाईंच्या घरी गेले. पुढच्या खोलीत सहा मुली सहा यंत्रांवर बाह्या शिवत होत्या, आणि खोलीच्या मधोमध, दारातून आणून सोडलेलं, डावं कपाट उभं होतं. काचेतून बायकोची पुस्तकं दिसत होती. बाईंना नियम आधीच सांगितलेला होता. त्यांनी काटेवाल्यांना स्टूल दिलं, स्वेटर काढून दिला आणि म्हणाल्या, की तुमचे दिवस संपेपर्यंत रोज या, आमची काही हरकत नाही, फक्त जमिनीवरच्या टाचण्या सांभाळा.

मग त्यांनी विचारलं, “हे खिडकीच्या अलीकडे लावू की पलीकडे?”

काटेवाल्यांच्या तोंडाचा ‘हं’ झालाच होता. त्यांनी तोंड मिटलं.

“पुन्हा विचारा,” ते म्हणाले.

बाईंनी पुन्हा विचारलं. यंत्रं थांबली. काटेवाले उठले. खिडकीतलं ऊन कुठवर येतं ते पाहिलं, भिंतीला हात लावून ओल पाहिली, लाल दोऱ्याच्या मोजपट्टीने दोन्ही बाजू मोजल्या. मग त्यांनी नीट सांगितलं, की पलीकडे लावा. अलीकडे दुपारभर ऊन पडेल आणि पुस्तकांच्या पाठी पांढऱ्या पडतील. दारांच्या काचा जुन्या आहेत, त्यांवर उजेड पडला तर शिवणाऱ्या मुलींच्या डोळ्यांवर येईल. पलीकडची भिंत कोरडी आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं सोडून लावा.

एवढं सलग ते घरात कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांनी स्वेटर अंगात घातला, स्टुलावर बसले आणि रडले. मुलींनी यंत्रं चालू केली, म्हणजे त्यांना मोकळेपणाने रडता यावं.

आता त्यांचे अकरा दिवस कधीच संपले आहेत, आणि गुरुजींसारखी तेही दर महिन्याला मुदत वाढवून घेतात. ते सकाळी मोज्यांसाठी दुकानात जातात आणि दुपारी पुस्तकासाठी बाईंकडे. घरातली पाच फूट दोन इंचांची भिंत रिकामी आहे. बायकोला डावं की उजवं ते सांगायचं राहिलं आहे.